सोरायसिससाठी लाइट ट्रीटमेंट: वेळ, खर्च आणि अंग पोळलं तेव्हा काय केलं

डॉक्टरांनी केसपेपरवर 'फोटोथेरपी', म्हणजे लाइट ट्रीटमेंट, लिहून दिलं त्या रात्री मी मोबाइलवर बरीच शोधाशोध केली. हाती लागल्या त्या एक तर दवाखान्यांच्या जाहिराती, नाहीतर परदेशातल्या लोकांचे अनुभव, ज्यांची त्वचाही आपल्यापेक्षा वेगळी आणि ऊनही. ठाण्यात राहून, ऐरोलीची नोकरी सांभाळून आठवड्यातून तीनदा हे कसं जमवायचं ते कुणीच सांगत नव्हतं. आता माझी ट्रीटमेंट पूर्ण झाली आहे, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही, अकाउंट्समध्ये आहे. त्यामुळे इथे औषधांपेक्षा आकडे, तारखा आणि पावत्याच जास्त सापडतील.

त्रास सुरू झाला २०२३च्या पावसाळ्यात. आधी डोक्यात कोंडा, मग कोपरांवर खवले, मग कमरेवर आणि पोटऱ्यांवर चट्टे. फॅमिली डॉक्टरांना नायटा वाटला. त्यानंतर मेडिकलवाल्याने एक ट्यूब हातावर ठेवली. आठवड्याभरात चट्टे गायब झाले आणि ट्यूब संपल्यावर दुपटीने परतले. असल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं, हे पुढे कळलं. नोव्हेंबरमध्ये नौपाड्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी कमरेवरच्या चट्ट्याचा डाळीएवढा तुकडा काढून बायोप्सीला पाठवला. एक टाका पडला, लॅबसकट साडेतीन हजार खर्च आला आणि आठ दिवसांनी रिपोर्ट हातात पडला: सोरायसिस.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती ही, की हा आजार संसर्गाचा नाही. घरी हेच वाक्य मला सगळ्यात जास्त वेळा वापरावं लागलं. त्वचेच्या पेशी तयार होऊन वर यायला एरवी महिनाभर लागतो, सोरायसिसमध्ये त्या चार-पाच दिवसांतच वर येतात आणि त्यांचे थर साचतात. मग त्यांनी माझा तळहात माझ्याच चट्ट्यांवर ठेवून मोजमाप केलं. बोटांसकट आपला एक तळहात म्हणजे अंगाच्या कातडीचा साधारण एक टक्का. माझं मोजमाप दहाच्या पुढे गेलं. एवढ्या भागाला नुसती मलमं पुरत नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या हा एक पर्याय होता, पण माझ्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालेलं, त्यामुळे त्या मागे ठेवल्या. राहिली लाइट ट्रीटमेंट.

सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांचा एक अगदी अरुंद पट्टा, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा, सोरायसिसवर चांगला काम करतो. तेवढाच पट्टा देणाऱ्या ट्यूब असतात आणि त्या ट्यूबनी भरलेल्या उभ्या पेटीत मोजून काही सेकंद उभं राहायचं. कोडासाठीही हीच पेटी वापरतात. परदेशात अंग सावळं करून घ्यायला लोक सलूनमध्ये जाऊन पैसे देऊन अशाच दिसणाऱ्या पेटीत शिरतात, हे मी वाचलं होतं, म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दिसायला सारखी, पण आतल्या ट्यूब वेगळ्या आणि मुख्य म्हणजे हिशेब वेगळा. त्या सलूनमधल्या दिव्यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ मध्ये कॅन्सरकारक गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे. ऑस्ट्रेलियात तर तसली सलून बंदच केली. "इथे तुम्हाला रंगासाठी नाही, आजारासाठी डोस मिळतो, आणि तो लिहून ठेवला जातो. तो कागद तुमचा आहे, हवा तेव्हा मागा," असं ते म्हणाले. पुढे मार्चमध्ये त्याच कागदाच्या आधाराने सगळा उलगडा झाला.

सुरू करण्याआधी एक दोन पानी संमतीपत्र भरायचं होतं. त्यात विचारलेलं: उन्हाची ॲलर्जी आहे का, ल्युपस (उन्हाने बळावणारा आजार) आहे का, मोतीबिंदू झालाय का, घरात कुणाला त्वचेचा कॅन्सर, सध्या कोणकोणती औषधं चालू आहेत. औषधांच्या रकान्यात 'बीपीची गोळी' एवढंच लिहून मी पुढे सरकणार, तर डॉक्टरांनी गोळीची पट्टीच आणायला सांगितली. त्यात दोन औषधं होती आणि दुसरं हायड्रोक्लोरोथायझाइड. त्याने त्वचा किरणांना जास्त हळवी होऊ शकते. फॅमिली डॉक्टरांना फोन लावून त्यांनी नुसतं पहिलं औषध असलेली गोळी चालू ठेवली. पिंपल्ससाठी देतात ती डॉक्सीसायक्लिनही याच यादीत येते. तेव्हा मधल्या काळात ताप, खोकला, दाढदुखी, कशासाठीही नवीन गोळी सुरू झाली तर ती दाखवल्याशिवाय पेटीत शिरू नका.

१५ जानेवारी २०२४, सोमवार, संक्रांतीचा दिवस. मी मुद्दाम संध्याकाळची वेळ मागून घेतली: सोमवार, बुधवार, शुक्रवार, सात वाजून दहा मिनिटं. ऐरोलीहून ठाणे लोकल, मग स्टेशनपासून गोखले रोडने चालत. एका सिटिंगचे ४०० रुपये, दहाचं पॅकेज घेतलं तर ३,६००. पॅकेज घेण्याआधी दोन सुट्या सिटिंग घेऊन बघा. निम्मी माणसं ट्रीटमेंटला नाही, येण्याजाण्यालाच कंटाळून सोडतात, असं तिथल्या टेक्निशियन ताई सांगत होत्या.

पेटी म्हणजे माणूसभर उंचीचं गोल कपाट, आतून चहूबाजूंनी उभ्या ट्यूब. डोळ्यांना काळा गॉगल, चेहऱ्यावर चट्टे नव्हते म्हणून डोक्यावरून सुती कापडाची पिशवी. अंगावर फक्त आतले कपडे. पुरुषांना खालचा भाग झाकूनच उभं करतात, त्यात सूट नाही. पहिला डोस ३०० मिलिज्यूल (किरणांचा डोस याच मापात मोजतात), म्हणजे त्या मशीनवर ५० सेकंद. ताईंनी बाहेरून बटण दाबलं, पंखा घरघरला, गॉगलच्या कडेने निळसर उजेड जाणवला आणि मी कपडे काढायला लावलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात सगळं आटोपलं. एवढ्यासाठी लोकलचे धक्के खात आले का, असं वाटून गेलं.

पहिल्या दोन आठवड्यांत ताईंकडून आणि बाकावरच्या जुन्या पेशंटांकडून जे शिकायला मिळालं, ते कुठल्याही पत्रकावर नव्हतं. आतले कपडे दर वेळी त्याच मापाचे आणि त्याच आकाराचे घालायचे. एखाद्या दिवशी आखूड घातले, तर एरवी झाकलेली कोरी कातडी अचानक मोठा डोस खाते आणि तेवढीच पट्टी पोळते. मी गडद निळ्या रंगाचे दोन एकसारखे जोड वेगळ्या पिशवीत ठेवले आणि ते फक्त तिथेच वापरले. केसांचंही तसंच. मला जानेवारीअखेर केस कापायचे होते, ताईंनी थांबवलं, कारण मानेवरचे केस गेले की मान उघडी पडते. बाकावरचे एक काका दाढी काढून आले होते, त्यांची हनुवटी आठवडाभर चुरचुरत होती. हात दर वेळी त्याच उंचीवर, दांडीला धरून. घड्याळ, मंगळसूत्र, बांगड्या एक तर कायम घालायच्या किंवा कायम काढायच्या.

येण्याआधी अंगाला अत्तर, डिओ, जाड मलम काही नको. सॅलिसिलिक ॲसिडवालं मलम लावून आलात तर ते किरण अडवतं, म्हणजे पैसे वाया. खवले जाड असतील तिथे आत जाण्याआधी खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात मला चालत होता, पण तोही डॉक्टरांना विचारून आणि दर वेळी तेवढाच. वॅक्सिंग, स्क्रब, ब्लीच हे सगळं बंद. आणि सिटिंगच्या दिवशी ऊन टाळायचं. हे बोलायला सोपं आहे, पण सकाळच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये ज्या बाजूला खिडकीतून ऊन येतं तिथेच हमखास जागा रिकामी असते. मी फेब्रुवारीत छत्री घेऊन फिरायला लागले. वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीतल्या वॉचमनकाकांनी आभाळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. बाकी आपल्या स्कूटीवाल्या मुली तोंडाला ओढणी गुंडाळून जातात त्यांना मी आधी हसायचे, आता हसत नाही.

दर वेळी आत जाण्याआधी ताई एकच प्रश्न विचारायच्या: "मागच्या वेळेनंतर लाल झालं होतं का? किती वेळ राहिलं?" उत्तर रजिस्टरमध्ये जायचं. तारीख, डोस, सेकंद, लाली. लाली नसेल किंवा जेमतेम गुलाबी होऊन चोवीस तासांच्या आत गेली असेल, तर डोस हळूहळू वाढवायचा. माझा दर दुसऱ्या सिटिंगला साधारण दहा टक्क्यांनी वाढत होता. लाली दुसऱ्या दिवशीही राहिली तर डोस तिथेच थांबवायचा. दुखलं किंवा फोड आला तर मशीन बंद आणि डॉक्टर. आठवड्याहून जास्त खंड पडला तर डोस खाली आणायचा, तीन आठवडे गेले तर जवळजवळ पहिल्यापासून. म्हणून लग्नसराईत ट्रीटमेंट सुरू करू नका.

सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, हा आपल्याकडचा मोठा घोळ. ताईंनी शिकवलेली युक्ती अशी: हाताच्या मागच्या बाजूने पोट आणि मांडी चाचपा. कातडी आसपासच्या भागापेक्षा गरम लागते का? कपडा घासला तर झोंबतं का? बोटाने दाबून सोडलं तर तिथे क्षणभर फिकट ठसा उमटतो का? आणि आतल्या कपड्याची कड बघा, तिथे झाकलेल्या-उघड्या कातडीतला फरक चटकन कळतो.

बाकावर एक कॉलेजची मुलगी यायची, हातांवर कोड. तिच्या आजीलाही होतं. आजीने लहानपणी बावचीचं तेल लावून गच्चीत उन्हात बसायचं आणि टम्म फोड आणायचे, असं ती सांगायची. बावचीत सोरालेन असतं, ते त्वचेला किरणांबद्दल हळवं करतं. डॉक्टरही ते औषध म्हणून वापरतात, फक्त मोजून. आजीकडे ना मोजलेलं तेल होतं ना मोजलेलं ऊन. आणि आजी बिचारी फोड आले की औषध लागू पडतंय म्हणून खूश व्हायची.

फेब्रुवारीत चट्ट्यांचे खवले गळायला लागले, पाठ मऊ झाली. पण अंगाचा रंग एक-दोन छटा गडद झाला. ही ट्रीटमेंट घेणाऱ्या आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येकाला हे होतं आणि बंद केल्यावर हळूहळू ओसरतं. पण रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला ते कोण ऐकून घेणार? "अगं किती काळवंडलीस! तब्येत बरी आहे ना?" असं तीन घरांत ऐकलं आणि एकीने तर आपल्या पार्लरवालीचा डी-टॅनचा नंबर तिथल्या तिथे पाठवला. चट्टे जात होते ते कुणाला दिसलं नाही, कारण ते साडीखाली होते. त्या रात्री मी नवऱ्यावर विनाकारण चिडले, एवढंच सांगते.

मार्चच्या मध्यापर्यंत डोस ९०० मिलिज्यूल, म्हणजे १५० सेकंदांवर आला होता. बुधवार १३ मार्चला फोन आला, ट्यूब बदलतायत, आज येऊ नका. शुक्रवारी, १५ तारखेला गेले. पेटी आतून लख्ख दिसत होती. नेहमीसारखे १५० सेकंद. बाहेर आले तेव्हा अंग जरा जास्त कोमट वाटलं, पण मार्चच होता, सगळंच कोमट होतं.

रात्री दोनच्या सुमाराला जाग आली ती ताप भरल्यासारखी. थर्मामीटर लावला, ताप नाही. पण चादर पोटाला लागली की झोंबत होती. किरणांनी पोळलेलं लगेच कळत नाही, काही तासांनी चढायला लागतं आणि साधारण अर्ध्या ते एका दिवसात कळसाला पोचतं. म्हणजे रात्री दोनला जे होतं ते अजून वाढणार होतं. बाथरूममध्ये दिवा लावून बघितलं. पोट, मांड्यांची आतली बाजू आणि दंडांच्या आतला भाग तांबूस-जांभळट. चड्डीच्या इलॅस्टिकच्या वर-खाली दोन वेगळे रंग, मध्ये पट्टीने आखल्यासारखी रेघ.

तेव्हा काय केलं ते क्रमाने लिहिते, कारण त्या रात्री मला हेच हवं होतं. गार नळाच्या पाण्यात सुती पंचा पिळून पोटावर आणि मांड्यांवर ठेवला, पंधरा-वीस मिनिटं, मग पुन्हा थोड्या वेळाने. बर्फ नाही, बर्फाने पोळलेल्या कातडीला आणखी इजा होते. एक पॅरासिटामॉल घेतली. पाणी पीत राहिले. सैल सुती गाऊन, बाकी काही नाही. पहाटे सासूबाई उठल्या. त्यांनी प्रेमाने आधी तूप-हळद आणली, मग बटाट्याचा कीस, आणि खिडकीतल्या कोरफडीचं पान कापायलाही निघाल्या. तिन्हीला मी हात जोडले. तूप उष्णता धरून ठेवतं. बाकीच्या दोन्हींबद्दल डॉक्टरांनी नंतर सांगितलं की घरच्या कोरफडीचा पिवळा चीक आणि उघड्या कातडीवर कच्चं काहीही लावलं तर उलट झोंबू शकतं, जंतुसंसर्गही होऊ शकतो.

सकाळी उजेडात खिडकीजवळ फोटो काढले, एक जवळून, एक लांबून, आणि मोबाइलवर वेळ नोंदली. कमरेच्या रेषेवर टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन पाणीदार फोड आले होते. दहा वाजता दवाखान्यात फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने सांगितलं, "मॅडम, थोडं गरम वाटतंच, खोबरेल लावा, सोमवारी या." मी म्हटलं, फोड आहेत, आणि डॉक्टरांशी बोलल्याशिवाय फोन ठेवणार नाही. इथे भिडेखातर गप्प बसू नका. डॉक्टरांनी फोटो बघून लगेच बोलावलं.

तिथे गेले तर बाकावर ते दाढी काढून आलेले काका, मान लाल करून. काल संध्याकाळच्या आणखी दोघांचे फोन येऊन गेले होते. डॉक्टरांनी आधी विचारलं, डोळे चुरचुरतात का, वाळू गेल्यासारखं वाटतं का? नाही म्हटलं. तसं वाटत असेल तर गॉगलमधून किरण आत गेल्याचं ते लक्षण आणि मग थेट डोळ्यांचे डॉक्टर. थंडी वाजून ताप, उलट्या, मोठाले फोड, गरगरणं यातलं काही असतं तर हॉस्पिटल गाठायचं. माझं त्यातलं काही नव्हतं. काही दिवस लावायला सौम्य स्टेरॉइड क्रीम, वरून बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, फोडांवर पॅराफिनची जाळी. फोड फोडायचे नाहीत.

मग रजिस्टर उघडलं. ताईंचा चेहरा उतरला होता, आणि मला त्यांचा राग येण्याआधी आकडे दिसले. डोस म्हणजे ट्यूबची ताकद गुणिले सेकंद, बाकी काही नाही. जुन्या ट्यूब वापरून वापरून मंदावल्या होत्या, दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिवॉट. ६ गुणिले १५० म्हणजे ९००. डॉक्टरांनी कपाटातून मीटर काढून माझ्यासमोर नवीन ट्यूब मोजल्या: ९ मिलिवॉट. ९ गुणिले १५० म्हणजे १,३५०. मला एका संध्याकाळी दीडपट डोस बसला होता. ट्यूब बसवणारा माणूस बसवून निघून गेला, मीटर कुणी लावला नाही आणि रजिस्टरमधले जुने सेकंद तसेच पुढे चालले. खतावणीत मागच्या पानाची बेरीज न तपासता पुढे ओढली की जे होतं, तेच हे.

राग आला. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्यांनी त्याच वेळी मशीन बंद केलं, बाकीच्यांना स्वतः फोन केले, औषधांचे पैसे घेतले नाहीत. मी एवढंच म्हटलं, की जे झालं ते माझ्या केसपेपरवर लिहून द्या, दिलेल्या खऱ्या डोसाच्या आकड्यासह. त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि लिहून सही केली. हा कागद का महत्त्वाचा? उद्या मी दुसऱ्या दवाखान्यात गेले असते तर तिथल्या डॉक्टरांना '९०० सहन होतो' असा खोटा निरोप मिळाला असता.

दुसरा दवाखाना बघायचा का, यावर घरात चार दिवस चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, आता तिथे पाऊल टाकू नको. माझं म्हणणं, प्रत्येक मशीन वेगळं, पुन्हा सुरुवातीपासून अंदाज घ्यावा लागणार, आणि इथे निदान काय चुकलं ते कळलंय. मी अट घातली: माझ्या प्रत्येक पॅकेजच्या सुरुवातीला मीटरचं रीडिंग मला दाखवायचं. ती त्यांनी पाळली. पुढे पेटीच्या दारावरच ट्यूब बदलल्याची आणि मोजल्याची तारीख चिकटवलेली असायची. तुम्ही नव्याने जात असाल तर पहिल्या दिवशी हेच विचारा: ट्यूब कधी बदलल्या आणि त्यानंतर मोजल्या का? गोंधळून बघितलं तर काय ते समजून जा.

मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे वर्षाचं क्लोजिंग. त्या दोन आठवड्यांत कमरेला काही आवळून घालणं अशक्य होतं. मी मुलीचे ढगळ कुर्ते घालून रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसले. धुळवडीला रंगापासून लांब राहायला मात्र भक्कम कारण मिळालं. कातडी आधी काळपटली, मग पापुद्र्यांनी सुटली. पापुद्रे ओढायचे नाहीत, कितीही हात शिवशिवले तरी. आणखी एक भीती डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवली होती: सोरायसिसमध्ये कातडीला जिथे इजा होते तिथे नवे चट्टे उठू शकतात. झालंही तसं, कमरेच्या त्याच रेषेवर बारीक ठिपक्यांची ओळ आली. बघून रडू आलं. पुढच्या सिटिंगमध्ये ती ओळ गेली.

सोमवार, १ एप्रिलला पुन्हा सुरू केलं, निम्म्या डोसावर: ४५० मिलिज्यूल. नवीन ट्यूबवर ५० सेकंद. पेटीचं दार लागलं तेव्हा छाती धडधडत होती, हे मान्य करते. ताईंनी बाहेरून सेकंद मोठ्याने मोजले, न सांगता. पाडव्यापर्यंत भीती ओसरली. मे महिन्यात आठवड्यातून दोनदा केलं, डोस हजाराच्या वर नेला नाही. २० मेला ठाण्याचं मतदान सोमवारी आलं, दवाखाना बंद, एक सिटिंग पुढे ढकललं. तेवढ्या खंडाने काही बिघडत नाही. शेवटचं सिटिंग ७ जूनला झालं. पाठ, पोट, कंबर साफ. कोपरं आणि नडग्यांवर थोडं उरलंय, त्या जागा हट्टी असतात, तिथे मलम चालू आहे. सोरायसिस मुळातून जात नाही, दबतो. हिवाळ्यात पुन्हा डोकं वर काढलं तर पुन्हा पेटी, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगून ठेवलंय.

सगळा खर्च बायोप्सी, तपासणी फी, मलमं धरून पंचवीस हजारांच्या आसपास गेला. मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो, तिथे खर्च फारच कमी येतो. सकाळी रांग लावणं शक्य असेल तर आधी तिथे चौकशी करा. मला ऑफिसच्या वेळांमुळे जमलं नाही.

आता क्लेम. साधा मेडिक्लेम चोवीस तास ॲडमिट असल्याशिवाय सहसा काही देत नाही. आमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीसाठी वर्षाला १५,००० पर्यंत सोय होती, म्हणून मी पहिल्या दोन पॅकेजच्या पावत्या भरल्या. उत्तर आलं: 'सौंदर्योपचार, अपात्र.' पावतीवर दवाखान्याने 'स्किन लाइट पॅकेज' छापलं होतं, वाचणाऱ्याला गोरं करायचं पॅकेज वाटलं असेल तर नवल नाही. गंमत अशी, की मी तर उलट सावळी झाले होते. मग बायोप्सी रिपोर्टची प्रत, आजाराचं नाव आणि त्याचा एल ४० हा आंतरराष्ट्रीय कोड लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र, आणि तारीखवार सिटिंगचा तक्ता सही-शिक्क्यासह जोडला. नव्या पावत्यांवर 'सोरायसिससाठी फोटोथेरपी' असं लिहून घेतलं. पॅकेजची पावती एका तारखेची आणि सिटिंग दोन महिन्यांत पसरलेली, यावर आणखी एक शंका आली, तिला त्याच तक्त्याने उत्तर मिळालं. पावती मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत भरायची अट आमच्या पॉलिसीत होती, तुमची तपासून घ्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ११,२०० रुपये जमा झाले. मलमांची बिलं कापली, कारण त्यातल्या दोनांवर बॅच नंबर नव्हता. ती मेडिकलमधून पुन्हा छापून घेतली आहेत आणि सध्या अपील चालू आहे.